यादीतलं नाव

आमच्या घरात पत्र्याची एक पेटी आहे, आज्ज्याच्या वेळची. तिच्यात दागिना कधी नव्हता, कायम कागदच. मागच्या पावसाळ्यात माळवद गळायला लागलं म्हणून पेटी खाली घेतली, तर निम्मे कागद ओले. दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर अंगणात पोतं अंथरून एकेक कागद वाळत घातला. वर खडे ठेवले, नाहीतर वाऱ्यानं शेजाऱ्याच्या कडब्यात गेले असते. तगाईची पावती, कुळकायद्याचा दाखला, सोसायटीची पासबुकं, डाळिंबाच्या अनुदानाचा मंजुरीहुकूम, ठिबकचं बिल, अतिवृष्टीच्या पंचनाम्याची झेरॉक्स. राखण करत बसलो आणि वाचत गेलो. सरकारनं आमच्या घराला काय दिलं, कधी दिलं, हे सगळं त्या पोत्यावर पसरलेलं होतं. आणि प्रत्येक कागदावर वर नाव कुणाचं आहे हेही.

वेळापूर म्हटलं की लोकांना अर्धनारी नटेश्वराचं देऊळ आठवतं, नाहीतर माऊलींच्या पालखीचा मुक्काम. पण गाव शेतीवर जगतं. तालुका माळशिरस, प्रांत कार्यालय अकलूजला. तालुक्याला नीरा उजव्या कालव्याचं पाणी. भाटघरचं धरण इंग्रजाच्या काळात, १९२८ च्या सुमारास पुरं झालं. कालव्याच्या पाण्यावर ऊस आला, उसामागनं माळीनगर, श्रीपूरचे साखर कारखाने आले. कालव्याच्या पाण्याची पट्टी खर्चाच्या मानानं कायम थोडी राहिली, म्हणजे तीही सरकारी मदतच; पण तिला कुणी सबसिडी म्हणत नाही. युरियाची पिशवी २६६ रुपये ५० पैशाला मिळते तेव्हाही आपण कुणाचं काही घेतलं असं वाटत नाही. मदत वाटायला लागते ती यादी लागली की. चावडीवर, सोसायटीच्या दारावर, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद चिकटला की माणसं बोट फिरवत नाव शोधतात. स्वतःचं शोधून झालं की दुसऱ्याचं शोधतात.

पेटीतला सगळ्यात जुना कागद तगाईचा. इंग्रजांनी १८८३ आणि १८८४ साली दोन कायदे केले. पहिला विहीर, ताल, बांधबंदिस्ती यांसाठी कर्ज देण्याचा, दुसरा बी आणि बैलासाठी. दख्खनच्या गावांत सावकारांच्या वह्या जाळून फार वर्षं झाली नव्हती, त्यावर दुष्काळ पडलेला. तगाई ते तकावी, आणि त्या शब्दाच्या मुळाशी बळ देणं असा अर्थ आहे म्हणतात. बळ द्यायचं पण वसुली सारावसुलीसारखी. भरली नाही तर जप्ती.

आमच्या पेटीतल्या पावतीवर नाव आमच्या आज्ज्याचं नाही. रान तेव्हा पंढरपूरच्या एका मालकाचं होतं आणि आज्जा त्यांचं कूळ. तगाईला जमीन तारण लागायची, कुळाकडं जमीन कुठली? मालकानं आपल्या नावावर तगाई काढली, बैल आज्ज्यानं घेतला आणि हप्तेही आज्ज्यानं भरले. पावती मालकाच्या नावाची, पण ती जपली आमच्या आज्जीनं. तिला वाचता येत नव्हतं. पैसे आपण भरलेत, मग कागद आपला, एवढा तिचा हिशेब.

कुळकायदा १९४८ चा. त्यात १९५६ ला दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. त्या दिवशी जो कुळ म्हणून जमीन कसत होता तो कायद्यानं तिचा खरेदीदार मानला गेला. ऐकायला सोपं वाटतं. पण कुळ होता हे ठरणार कशावरून? तलाठ्याच्या पीकपाहणीवरून. सातबाऱ्यातला सात म्हणजे हक्काचा नमुना, बारा म्हणजे पिकाचा. बारा नंबरला रान कोण कसतंय ते लिहिलेलं असायचं. तिथं नाव असलं तर तरला, नसलं तर गेला. सोलापूर जिल्ह्यात काय, सगळ्या महाराष्ट्रात हजारो कुळं त्या एका रकान्यापायी रानाबाहेर पडली. मालकांनी आधीच ‘स्वतः’ लिहून घेतलेलं होतं, किंवा कुळाकडनं ‘राजीखुशीनं सोडलं’ असा अंगठा घेतलेला होता.

आमच्या घरात हा प्रसंग इतक्या वेळा सांगितला गेलाय की मी तिथं होतो असंच वाटतं, खरं तर माझा जन्म नंतरचा. तलाठी पाहणीला बांधावर आला. संगं मालकाचा कारभारी. तलाठ्यानं विचारलं, “हे रान कोण कसतंय?” कारभारी आज्ज्याकडं बघत उभा. आज्ज्याच्या तोंडाला कोरड पडली. पुढच्या सालाचा खंड, बैल, राहायची खोपी, सगळं मालकाच्या हातात. तो खाली बघून ढेकळं फोडत राहिला. तेव्हा आज्जी खुरपं टाकून उठली आणि म्हणाली, “आमी कसतूय सायब. आमी न्हाय तर काय वरनं पडलं व्हय हे पीक? लिव्हा.”

तलाठ्यानं लिहिलं. तो माणूस चांगला निघाला एवढंच. पुढं न्यायाधिकरणापुढं ३२ ग ची चौकशी झाली, किंमत ठरली, हप्त्यानं भरली, आणि ३२ म चा दाखला मिळाला. नऊ एकर. दाखल्यावर नाव आज्ज्याचं. आज्जीचं नाही. बोलली ती, लागलं त्याचं.

आज्ज्याला दोन पोरं, आमचे आबा आणि चुलते. साडेचार साडेचार एकर वाटणीला आलं. त्यातलं अडीच एकर काळं, पाण्याखालचं, आणि दोन एकर माळाचं मुरमाड रान. ह्या माळाकडं मला पुढं यायचंय.

१९७२ ला मी बारा वर्षांचा होतो. त्या दुष्काळाबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, मी सगळं सांगत बसत नाही. विहिरीचा तळ दिसला, बैल छावणीत नेले, शाळेत सुकडी मिळायची तिची चव अजून जिभेवर आहे. आई खडी फोडायला जायची. वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना तेव्हाच राज्यभर गेली, कायदा झाला १९७७ ला. मला आठवतं ते मस्टर. मुकादम सकाळी नाव पुकारायचा आणि आई पदर सावरून “हाय” म्हणायची. घरात तिला आबा सुद्धा नावानं हाक मारत नव्हते. सासरी आल्यावर सोळा-सतरा वर्षांनी ती पहिल्यांदा स्वतःच्या नावानं सरकारी कागदावर चढली. आठवड्याला पगार व्हायचा, तिथं ती अंगठा उठवायची आणि पैसे तिच्या हातात पडायचे. आबांना ते आवडायचं नाही, पण दुष्काळात कुणाला आवडीनिवडी असतात.

कागद वाळवताना माझ्या मनात आलं की आमच्या घराच्या सगळ्या यादींत ते मस्टर तेवढं निराळं. ज्यानं घण उचलला त्याचं नाव. बाकी सगळ्या याद्या जमिनीच्या. पण मस्टरची पानं आमच्या पेटीत नाहीत. ती सरकारजमा झाली.

मी १९७७ ला दहावी झालो. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी येऊन दोनच वर्षं झाली होती. पुढं शिकायचं होतं, पण आबांना हाताखाली माणूस पाहिजे होतं. १९८० ला चाकणला कांद्याचं आंदोलन झालं आणि शरद जोशींचं नाव आमच्याकडं पोचलं. मी लाल बिल्ला लावून फिरलो. संघटनेचं म्हणणं असं होतं की आम्हाला सूट नको, सबसिडी नको, घामाला दाम द्या. सरकार एका हातानं खतावर चार आणे देतं आणि दुसऱ्या हातानं निर्यात बंद करून, लेव्ही लावून रुपया काढून घेतं. म्हणजे सबसिडी उणे आहे, असं जोशी आकडे मांडून सांगायचे. ते मला पटलं, आजही पटतं. त्यांनीच पुढं लक्ष्मीमुक्ती काढली. बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करा म्हणाले. पुष्कळ गावांनी केलं. मी सभेत टाळ्या वाजवल्या आणि घरी आलो. सातबारा होता तसाच राहिला.

आणि सबसिडी नको म्हणणारा मी, १९९० ला रोजगार हमीतनं फळबाग योजना आली तेव्हा पहिल्या झटक्यात अर्ज दिला. शरद पवार मुख्यमंत्री होते. खड्डे, रोपं, खत, मजुरी सगळ्याला सरकारचा पैसा, पण एकदम नाही. झाडं जगली तर पुढच्या वर्षीचा हप्ता. ही अट फार शहाणी होती. सांगोल्याकडं त्या योजनेनं माळरानाचं सोनं केलं, डाळिंब परदेशी गेलं. आम्ही माळाच्या एका एकरात डाळिंब लावलं. बारा वर्षं बरं चाललं, मग तेल्या आला आणि बाग काढावी लागली. तरी मुलीचं लग्न त्या बागेनं केलं, हे खोटं कशाला बोलू?

कर्जमाफीचं मात्र आमच्या घराचं गणित कधी जुळलं नाही. १९९० ला व्ही. पी. सिंगांच्या सरकारनं दहा हजारापर्यंतचं कर्ज माफ केलं, मधु दंडवते अर्थमंत्री होते. २ ऑक्टोबर १९८९ ला जे थकलेलं होतं ते. आमचं थकलेलं नव्हतं. आबा मार्चअखेर आली की झोपत नसत. “सोसायटीचा पैसा म्हंजे गावाचा पैसा,” म्हणायचे. २००७ च्या उन्हाळ्यात उसाचं बिल लांबलं होतं. मी म्हणालो, आबा राहू द्या, पुढच्या सालात भरू. त्यांनी ऐकलं नाही. दावणीची मुऱ्हा म्हैस विकली आणि सोसायटी भरली. म्हैस गेली त्या दिवशी आई चुलीपुढनं उठली नाही.

२९ फेब्रुवारी २००८ ला चिदंबरम यांनी अर्थसंकल्पात माफी जाहीर केली. ३१ मार्च २००७ पर्यंत उचललेलं आणि ३१ डिसेंबर २००७ ला थकलेलं कर्ज. पाच एकराच्या आतल्याला पूर्ण माफ, वरच्याला पंचवीस टक्के सूट. ह्या पाच एकरावरनं तेव्हा फार ओरड झाली. कोरडवाहू रानातला दहा एकरवाला काय बागायतदार असतो? ओरड बरोबर होती. पण आमचं रान साडेचारच एकर. आम्ही सगळ्या अटींत बसत होतो, एक सोडून. आम्ही भरलं होतं.

यादी सोसायटीच्या दारावर लागली. आबा चष्मा घेऊन गेले. मी म्हणालो, “कशाला जाताय, आपलं नाव नसणार.” तरी गेले. चुलत्याचं नाव होतं, शेजारच्याचं होतं, ज्यानं सोसायटीच्या पैशावर मोटारसायकल घेतली त्याचंही होतं. आबा पायरीवर बसून शेवटच्या पानापर्यंत वाचत गेले. घरी आल्यावर कुणाशी बोलले नाहीत. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, “म्हस चांगली व्हती.”

चुलत्याच्या घराशी आमचं बोलणं त्यानंतर सहा वर्षं बंद होतं. त्यांनी आमचं काय घेतलं होतं? काहीच नाही. त्यांचं पीक खरंच बुडलं होतं. पण ती यादी मधे उभी राहिली. आई आधीच गेली होती, आबा २०१४ ला गेले, तेव्हा तिरडीला खांदा द्यायला चुलतभाऊ आला आणि बोलणं सुरू झालं. २०१७ ला पुणतांब्याच्या संपानंतर दीड लाखाची माफी झाली, नेहमी भरणाऱ्याला पंचवीस हजारापर्यंत ठेवले. त्याला नवराबायको दोघांना केंद्रावर जाऊन अंगठे द्यावे लागायचे. आमच्या मंडळीचा अंगठा यंत्र घेईचना. खुरपून खुरपून रेषाच गेलेल्या. पोरगं म्हणालं, “मावशी, हात धुऊन या.” तिनं तीनदा हात धुतले. दहाही बोटं लावली. शेवटी डाव्या हाताची करंगळी चालली. २०१९ अखेर दोन लाखांची माफी आली, तिच्यात नियमित भरणाऱ्याला पन्नास हजार कबूल झाले ते २०२२ च्या दिवाळीला हातात पडले. मी ते पैसे काढले आणि खरं सांगायचं तर म्हैस घेतली. मुऱ्हाच.

आबांच्या मागं वारसनोंद झाली. दोघी बहिणींची नावं लागली आणि पुढच्याच वर्षी दोघींनी हक्कसोड दिलं. आम्ही साडीचोळी केली, जेवण घातलं. तेव्हा मला त्यात वावगं काही वाटलं नाही. सगळे तसंच करतात.

त्यामुळं २०१९ ला पीएम किसान आली तेव्हा सातबाऱ्यावर मी एकटाच. १ फेब्रुवारी २०१९ च्या अंतरिम अर्थसंकल्पात योजना जाहीर झाली, त्याच तारखेला ज्याच्या नावावर जमीन तो धरायचा. वर्षाला सहा हजार, दोन दोन हजाराचे तीन हप्ते, थेट खात्यात. आधी पाच एकरापर्यंतच होती, निवडणुकीनंतर सगळ्यांना केली. पगारदार, आयकर भरणारा, दहा हजारावर पेन्शन घेणारा यांना वगळलं होतं. तरी त्यांतल्या पुष्कळांनी घेतले आणि मागनं तहसीलच्या नोटिसा आल्या. राज्यानं नमो शेतकरीचे आणखी सहा हजार २०२३ पासून जोडले. दलाल नाही, साहेबाची सही नाही, हे मी चांगलंच म्हणतो. आता यादी बघायला चावडीला जावं लागत नाही. जिल्हा, तालुका, गाव दाबलं की मोबाइलवर सगळं वेळापूर येतं. मी एकदा रात्री सगळी यादी वाचली. त्यात पुण्या-मुंबईला राहणारे होते, ज्यांना आपलं रान कुठल्या ओढ्याला आहे ते सांगता येणार नाही. आणि गावातले वाट्यानं, खंडानं रान करणारे चाळीसेक संसार मला तोंडपाठ आहेत, त्यांतल्या ज्यांच्याकडं गुंठाही नाही त्यांचं एकाचंही नाव नव्हतं.

माझा पुतण्या कृषी महाविद्यालयात शिकतो. त्यानं सांगितलं की अमेरिकेत हे आधीच होऊन गेलंय. १९३३ साली रूझवेल्टच्या सरकारनं कापसाचा भाव सुधारावा म्हणून उभा कापूस मोडायला लावला आणि त्याचे पैसे दिले. पैसे गेले जमीनमालकाकडं. त्यांतला वाटा वाटेकऱ्याला द्यायचा असं ठरलं होतं, पण पुष्कळांनी दिला नाही, उलट रान कमी पेरायचं म्हणून वाटेकऱ्यालाच काढून टाकलं. मग १९३४ ला आर्कान्सा राज्यात वाटेकऱ्यांनी, काळे आणि गोरे दोघांनी मिळून, आपली संघटना काढली. आता तिथं कुठल्या तालुक्यात कुणाला किती सबसिडी गेली ते कुणालाही बघता येतं म्हणे. आपल्याकडं ओडिशानं कालिया योजनेत भूमिहीन आणि वाटेकरी धरले, तेलंगणानं रयतु बंधूत नाही धरले. नीती आयोगानं २०१६ ला खंडाच्या शेतीचा नमुना कायदा करून राज्यांकडं धाडला. पुतण्या हे सगळं सांगत होता आणि मी मान हलवत होतो. त्याला ठाऊक नव्हतं की मी कशाचा विचार करतोय.

डाळिंब काढल्यावर माळाचं दोन एकर रान मी निम्म्या वाट्यानं एकाला दिलं होतं. नाव लिहीत नाही. त्याच्या घरी जमीन नाही, एक बैलजोडी आणि राबणारी चार माणसं. बी, खत निम्मं निम्मं, कष्ट त्याचे, आलेलं पीक निम्मं. आठ वर्षं चाललं होतं. कागद कसलाच नाही. पीकपाहणीला सातबाऱ्यावर ‘स्वतः’. का ते गावात कुणाला विचारायला नको: कुळ लागेल ही भीती. ही भीती मी कुठनं शिकलो? ज्या घरानं कुळ म्हणून जमीन मिळवली त्याच घरात.

२०२० च्या १४ ऑक्टोबरला झालेला पाऊस सोलापूर जिल्ह्यात कुणी विसरणार नाही. माळावर मका काढून पडला होता. चार दिवसांनी गेलो तर कणसांना हिरवे कोंब फुटलेले. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक तिघं पंचनाम्याला आले. वाटेकरी गुडघाभर चिखलात उभा राहून कणसं गोळा करून दाखवत होता. साहेबांनी विचारलं, “हे रान कुणाचं?” वाटेकऱ्यानं माझ्याकडं बोट केलं, “तात्याचं.” मी बांधावर होतो, पायांत चप्पल. मग फोटो घ्यायचा होता. साहेब म्हणाले, “खातेदार मधे उभा राहू द्या.” वाटेकऱ्यानं कोंब आलेलं एक कणीस माझ्या हातात दिलं आणि फोटोच्या बाहेर झाला.

सरकारनं हेक्टरी दहा हजार जाहीर केले होते, फळबागेला पंचवीस, दोन हेक्टरपर्यंत. माझ्या दोन एकराचे आठ हजार झाले. दिवाळी होऊन गेल्यावर खात्यात पडले. त्याच आठवड्यात मोटार जळाली आणि त्यांतनं ती भरून घेतली. संक्रांतीला वाटेकरी तिळगूळ घेऊन आला. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाला, “तात्या, पंचनाम्याचं काय कळलं का?”

मी म्हणालो, “न्हाय बा, अजून काय पत्ता न्हाय.”

मंडळी आत भाकरी थापत होती. थापायचा आवाज थांबला. तिनं त्याच्यापुढं काही विचारलं नाही, नंतरही नाही. महिनाभर मात्र ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

मार्चमध्ये ग्रामपंचायतीच्या फळ्यावर यादी लागली. खातेदाराचं नाव, गट नंबर, क्षेत्र, रक्कम. त्याची पोरगी तेव्हा आठवीला होती, कोरोनानं शाळेचं सगळं विस्कटलेलं, ती रेशनच्या पिशव्या घेऊन बापाबरोबर आली होती. ती मोठ्यानं एकेक नाव वाचत होती. मी समोरच्या टपरीवर चहा पीत होतो. तिनं माझं नाव वाचलं आणि पुढचा आकडाही वाचला. बापानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “चल.” माझ्याकडं बघितलंही नाही. मी तिथं आहे हे त्याला माहीत होतं की नाही, मला अजून सांगता येत नाही.

पाडव्याला तो आला. आमच्याकडं साल पाडव्याला सुटतं. म्हणाला, “तात्या, यंदा दुसरा माणूस बघा. मला झेपंना.” आवाजात राग असता तर मी भांडलो असतो. राग नव्हता.

आठ दिवस काढले. मग बँकेतनं आठ हजार काढून संध्याकाळी त्याच्या वस्तीवर गेलो. काय बोलायचं ते घरनं पाठ करून गेलो होतो, तिथं काहीच आठवलं नाही. पैसे पुढं ठेवले. त्यानं मोजले. चार हजार वेगळे केले आणि बाकीचे माझ्याकडं सारले. म्हणाला, “निम्म्या वाट्यानं हुतं, निम्मंच घेतू.” त्याच्या बायकोनं चहा केला. मी प्यालो.

दोन वर्षं माळ पडीक होता. मला आता उरकत नाही आणि पोराला पुण्याच्या नोकरीतनं सवड नाही. मधल्या काळात ई-पीक पाहणी आली, आता पीक खातेदारानंच मोबाइलवर भरायचं. बांधावर येऊन कोण कसतंय म्हणून विचारणारं आता कुणी नाही. एक साल मी माळावर जाऊन ‘पड’ म्हणून फोटो काढला आणि पाठवला.

गेल्या पाडव्याला मंडळी स्वतः त्याच्या वस्तीवर गेली आणि त्याला बोलावून आणलं. आता माळ परत त्याच्याकडं आहे. खरिपाला बाजरी होती. विमा, नुकसानभरपाई, सरकारचं ह्या दोन एकरावर जे येईल ते निम्मं त्याचं, असं मंडळीच्या समोर ठरलं. पीएम किसानचं काही बोलणं झालं नाही. मी पोराला फोनवर सांगितलं की आपण ह्याचा कागद करू, कायद्यात कसं बसतं ते वकिलाला विचारू. तो म्हणाला, “तात्या, कागद केला आणि उद्या कुळ लागलं तर?” मी म्हणालो, आपल्या आज्ज्याला लागलंच होतं की. तो म्हणाला, “तेव्हाचं वेगळं होतं.”

कागद अजून झालेला नाही. वाटेकरी करा म्हणालेला नाही आणि मीही केलेला नाही. ३२ म चा दाखला वाळला तो पेटीत परत ठेवला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून.